औदुंबराचा तांब्या

कोंडाजीने नळाला पाना लावला, एक आटा सैल केला आणि तो थांबला.

"वैनी, एकदा सगळं भरून घ्या. बादल्या, पातेली, आसंल ते. मी बसतो तवर."

तो परसातल्या धुण्याच्या दगडावर बसला आणि त्याने कानावरची विडी काढली. इंदूने बादली भरली, पितळी पातेलं भरलं, न्हाणीतलं घंगाळ भरलं, लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा भरली. भांडं बदलताना ती दर वेळी कमरेवर हात ठेवून सरळ होई. तिला पाचवा महिना लागला होता.

"घागर ऱ्हायली की," कोंडाजी म्हणाला. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून तिवईवरची तांब्याची घागर त्याला दिसत होती. "ती बी आणा. येवढी मोठी घागर रिकामी कशाला ठिवता?"

"ती नको."

"का वो?"

"सोवळ्याची आहे. तिच्यात नदीचंच पाणी लागतं."

कोंडाजीने विडी पेटवली. "ह्ये बी नदीचंच हाय की. पंपानं वर येतं येवढंच."

आतल्या खोलीतला जपमाळेचा आवाज थांबला.

"कोण आलंय गं?"

"कोंडाजी आलाय, सासूबाई. नळ बंद करायला."

"करू दे. आपलं काय अडलंय त्याच्यावाचून?"

इंदूने बरणीचं तोंड पदराने पुसलं आणि ती सावलीत सरकवली. कोंडाजीने नळ काढून पिशवीत टाकला, पाइपाच्या तोंडाला सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि लोखंडी बूच आवळून बसवलं. बुचाखाली एक थेंब धरला, लोंबला आणि खाली पडला. दुसरा आला नाही.

"माज्यावर राग धरू नका, वैनी. कमिटीचं काम हाय. तीन म्हैने थकलं की कुनाचाबी तोडायचा. मारुतरावांनी पैला सवताच्या मेव्हन्याचा तोडाया लावला."

"राग कशाला धरू?"

कुंपणापलीकडून शालनबाईंचा आवाज आला. मारुतराव म्हणजे नळकमिटीचे अध्यक्ष आणि या दोन खोल्यांचे मालक. शालनबाई त्यांच्या कारभारीण. त्या सकाळपासून कुंपणाशी काहीतरी निवडत उभ्या होत्या.

"कोंडाजी, नीट आवळ रं बूच. त्या ज्योतीरामाच्या दारचं रातभर गळत व्हतं, सगळी आळी फुकाट पानी पेली." मग आवाज उतरवून, "इंदुताई, आमच्या नळावरनं न्या वो. धुन्याभांड्याला काय लागंल ते न्या. फकस्त आमच्या ह्यांना सांगू नका. न्हाईतर सांगा! मला काय भ्या हाय व्हय त्यांचं?"

कोंडाजी हसला आणि पिशवी खांद्याला अडकवून निघून गेला. इंदू बुचाकडे पाहत उभी राहिली. उन्हात सफेदा वाळत चालला होता.

इंदूच्या सासूबाई, दुर्गाबाई, नळाचं पाणी पीत नसत. नळाच्या पोटात चामड्याचा वायसर, म्हणजे चकती, असतो, आणि त्याला लागून आलेलं पाणी देवाला, सोवळ्याच्या स्वयंपाकाला आणि आपल्या पोटाला चालायचं नाही, हे त्यांनी नळ आला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्या काळी अशी माणसं पुष्कळ घरांतून होती आणि त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. वरकामाला नळाचं पाणी, सोवळ्याला नदीचं, अशी घरोघर विभागणी झाली होती, आणि ती सांभाळायचं काम सुनांकडे होतं.

दुर्गाबाईंचं घर साताऱ्याकडचं. अठ्ठेचाळीस साली ते जळालं. त्या रात्री घराबाहेर पडताना त्यांनी देवांचा डबा, जपमाळ आणि ही घागर एवढंच उचललं. मग काही वर्षं पुण्यात नातेवाइकांकडे गेली. पुढे पिंपरीला कारखाना निघाला, त्यांचा मुलगा दामोदर तिथे टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागला, आणि मायलेक पवनेच्या काठच्या या गावात मारुतरावांच्या दोन खोल्यांत राहायला आली. इंदू लग्न होऊन आली ती इथेच. जळालेल्या घराबद्दल दुर्गाबाई कधी बोलत नसत. सोवळं मात्र त्यांनी एका टाक्यानेही उसवू दिलं नव्हतं. पुण्याला मामेबहिणीकडे असताना एकदा चुकून नळाच्या पाण्यात वरण शिजलं. कळल्यावर त्या कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या घरात त्यांनी पुन्हा अन्न घेतलं नाही, दूध आणि केळ्यावर राहिल्या, आणि आठवड्याच्या आत दामोदरला दुसरीकडे बिऱ्हाड शोधावं लागलं. इंदूला ही गोष्ट लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने सांगितली होती, हसत हसत.

गुडघे धड होते तोवर दुर्गाबाई स्वतः पाणी आणत. मग ते काम इंदूकडे आलं. पहाटे न्हाऊन ओलेत्याने घाटावर जायचं. घाटाच्या माथ्यावर एक औदुंबर होता. घागर भरून वर आलं की आधी एक तांब्या त्याच्या मुळाशी घालायचा, मग घरी यायचं. इंदू दारात आली की आतून प्रश्न यायचा.

"औदुंबराला तांब्या घातलास?"

"घातला."

मगच दुर्गाबाई पुढे होऊन घागर उतरवून घेत.

गेल्या श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून इंदूचा पाय सटकला. घागरीला पोचा पडला आणि तिसऱ्या महिन्यातलं मूल गेलं. ती उठून हिंडू लागेपर्यंत दुर्गाबाई काठी टेकत टेकत घाटावर जात होत्या आणि चरवीभर पाणी आणून त्यात देवाचं आणि स्वतःचं भागवत होत्या. त्या पडण्याबद्दल इंदूला कोणी बोल लावला नाही, आणि कोणी समजावलंही नाही. दुर्गाबाईंनी घागर चिंचेने लख्ख घासून तिवईवर ठेवली. घासताना पोच्यापाशी त्यांचा अंगठा थांबे. तेवढंच.

कार्तिकात इंदू पुन्हा घागर घेऊन निघाली. परसाच्या फाटकापर्यंत गेली. तिथून घाटाची उतरण दिसत होती आणि तिचा पाय पुढे पडेना. तिने मागे वळून पाहिलं. घरात अजून दिवा नव्हता. नळ तिथेच होता. तिने घागरीच्या तोंडातून एक फडकं आत सोडलं, म्हणजे धार त्याच्यावर पडेल आणि वाजणार नाही. घागर भरली. मग नदीवर जाऊन यायला लागतो तेवढा वेळ ती न्हाणीच्या भिंतीआड कुडकुडत बसून राहिली.

"औदुंबराला तांब्या घातलास?"

"घातला."

पहिल्या दिवशी हे म्हणताना तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. पुढे पुढे ती चिकटेनाशी झाली.

संध्याकाळी दामोदर सायकलवरून आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, पायाची क्लिप काढली आणि त्याला बूच दिसलं.

"तोडला?"

"तोडला."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. करू दे म्हणाल्या."

दामोदरने मान हलवली. पगार तो आईच्या हाती देत असे. नळ मारुतरावांनी कोणाला न विचारता बसवला होता, तेव्हा ज्याला तो हवा त्याने त्याचं भरावं, असं दुर्गाबाईंचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांच्याशी पुन्हा बोलायचं दामोदरला कधी जमलं नव्हतं. तो ओव्हरटाइमच्या पैशांतून गुपचूप बिल भरायचा. पौषापासून कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, आणि बिलही.

"पुढच्या महिन्यात सुरू होईल म्हणतात. तोवर शालनबाईंकडून आण. धुण्याभांड्यालाच तर लागतं. आईचं काही अडत नाही, तेवढं बरं आहे. तिचं तू नदीवरूनच आणतेस."

इंदू कणीक तिंबत होती. तिचे हात थांबले.

"काय झालं?"

"मीठ घालायचं राहिलं."

दामोदर तिच्याजवळ उकिडवा बसला. आतल्या खोलीकडे एकदा पाहून हळू आवाजात म्हणाला, "पण जपून उतर गं आता. मागच्यासारखं नको. मी आईशी बोलू का?"

"काय बोलाल?"

त्याने थोडा विचार केला. "तेच. की जरा काही दिवस..."

"काही दिवस काय? पाणी पिऊ नका?"

तो ओशाळं हसला. मग उठला आणि हातपाय धुवायला न्हाणीकडे गेला. सवयीने त्याने बुचाखाली हात धरला, आणि तसाच झटकून घंगाळातलं पाणी घेतलं.

शालनबाईंच्या नळावरून घागर भरता येण्यासारखी नव्हती. उन्हाळ्यात त्या नळासमोरच्या ओट्यावरच झोपत, आणि त्यांना कळलेली गोष्ट दुपारपर्यंत वाकडला भाजी घेऊन जाणाऱ्या गाडीवानालासुद्धा कळलेली असे. खरं सांगून टाकावं, असं त्या रात्री इंदूच्या मनात येऊन गेलं. कार्तिक ते चैत्र. देवांना घातलेलं प्रत्येक स्नान, एकादशीचा प्रत्येक घोट. सांगितलं तर दुर्गाबाई ओरडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्या उठतील, देवांचा डबा उचलतील आणि विचारतील, दामू, बिऱ्हाड कुठे न्यायचं? किंवा कुठेच न जाता फक्त जेवायच्या बंद होतील. आणि ते वय दुधावर राहण्याचं राहिलं नव्हतं.

पहाटे तिने घागर कमरेवर घेतली आणि फाटक उघडलं.

वाट ओळखीची होती तरी तिने प्रत्येक पाऊल चाचपून टाकलं. घाटाच्या माथ्यावर आली तेव्हा तिला वाटलं, आपण अंधारात भलत्याच पाणवठ्यावर आलो. समोर आभाळ फार मोठं दिसत होतं. उजव्या हाताला कमिटीच्या पंपाची खोली होती, तिची खूण पटली. पायऱ्याही त्याच. औदुंबर मात्र नव्हता. तो होता तिथे मुरूम टाकून बुजवलेला खड्डा होता आणि त्याच्या कडेने बुजवलेल्या चरीची माती लांबवर गेली होती.

खालून अंबूबाई गोधड्यांचं गाठोडं घेऊन वर येत होती. ती घाटाजवळच्या वस्तीत राही.

"कोन, बामनाच्या वैनी? लई दिसांनी! मला वाटलं म्हायेरी गेल्या काय." मग इंदूच्या पोटाकडे पाहून, "आन् आता ह्या दिसांत येवढी घागर? आवो, पानी किती खाली गेलंय! खालच्या पायऱ्या सगळ्या शेवाळाच्या हायेत."

"अंबूबाई, इथलं झाड..."

"उंबर व्हय? त्ये मार्गशीर्षातच पडलं की. नळाची दुसरी चर खांदली, मुळं उघडी पडली, आन् एका राती झालं आडवं. सगळा गाव बघाया लोटला व्हता. तुमी नव्हता आला?"

"नाही," इंदू म्हणाली.

अंबूबाईने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण गाठोडं जड होतं. ती निघून गेली.

इंदू पायऱ्या उतरली. बसून, सरकत, एका हाताने दगड धरत उतरली. पाण्याच्या कडेला घोट्याएवढा काळा गाळ होता. घागर तिने पाऊण भरली, आणि वर चढताना दोनदा खाली ठेवली. दुसऱ्यांदा ठेवली तेव्हा ओटीपोटात एक कळ आली. ती पायरीवर बसून राहिली. कळ गेली. मार्गशीर्षापासून रोज सकाळी आपण नसलेल्या झाडाला पाणी घातल्याचं सांगतो आहोत, हे तिला तिथे बसल्यावर नीट कळलं. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. रोज पहाटे घाटावर जाणाऱ्या बाईला घाटावरची बातमी कोण सांगणार? दुर्गाबाईंना तरी ते कुठून कळलं असणार? त्या बाहेर पडत नव्हत्या. आणि झाड नाही हे ठाऊक असतं तर त्यांनी रोज विचारलं कशाला असतं?

वर आल्यावर तिने तांब्या भरला आणि मुरुमाच्या खड्ड्यावर ओतला. पाणी क्षणभर वर राहिलं आणि जिरून गेलं.

दारात यायला तिला नेहमीपेक्षा उशीर झाला होता. दुर्गाबाई आतच पाटावर होत्या. अंगावर तांबडं आलवण, हातात माळ.

"औदुंबराला तांब्या घातलास?"

इतक्या महिन्यांनी आज ती खरोखर नदीवर जाऊन आली होती, आणि आजच तिला उत्तर सुचेना. झाड नाही म्हणावं, तर इतके दिवस कुठे घालत होतीस?

"घातला," ती म्हणाली.

दुर्गाबाई उठून पुढे आल्या. घागरीला हात घालण्याआधी त्यांची नजर इंदूच्या पायांवर गेली. घोट्यापर्यंत गाळ होता, आणि लुगड्याच्या काठालाही. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"पायांवर पाणी घे," त्या म्हणाल्या. "दुखतंय कुठे?"

"नाही."

"मग पोटाशी हात कशाला धरलायस?"

इंदूने हात काढला. दुर्गाबाईंनी घागर उतरवून घेतली, दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं. फडक्यावर काळसर साका राहिला. देवांना स्नान घातलं, मग स्वतः घोटभर घेतलं. घोट तोंडात धरून त्या नेहमी क्षणभर थांबत, तशाच थांबल्या.

"गढूळ आहे."

"नदी आटलीय, सासूबाई."

"हं."

दुपारी इंदूचा डोळा लागला होता. काठीच्या आवाजाने ती जागी झाली. खिडकीतून तिने पाहिलं तर दुर्गाबाई अनवाणी, डोक्यावर पदर ओढून, भर उन्हात मारुतरावांच्या अंगणातून चालल्या होत्या. त्या कोणाच्या दारी जात नसत. शालनबाई धावत बाहेर आल्या, पाट आणायला आत पळाल्या, पुन्हा बाहेर आल्या. मारुतराव जेवण अर्धं टाकून टोपी घालत ओट्यावर आले. दुर्गाबाई पाटावर बसल्या नाहीत. उभ्यानेच काही बोलल्या, कमरेची गाठ सोडली आणि काहीतरी ओट्याच्या कडेवर ठेवलं. ओट्याखाली कोंडाजी चिंचेच्या सावलीत निजला होता, त्यालाही उठवलं. त्याच्याशी त्या मारुतरावांपेक्षा जास्त वेळ बोलल्या. तो डोकं खाजवत ऐकत होता.

परत आल्यावर त्यांनी पाय धुतले, तोंड पुसलं आणि माळ घेतली. इंदूने पाणी विचारलं, त्यांनी नको म्हणून खूण केली.

दिवे लागताना शालनबाई कुंपणाशी आल्या.

"इंदुताई, मला काय बी इचारू नका."

"मी काही विचारलं नाही हो."

"न्हाई, पर इचारू नका. शपत घातलीया तुमच्या सासूनं. देवाची शपत." त्या थोडा वेळ ओठ दाबून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून वाटत होतं, त्यांना हे कठीण जातंय. "म्हातारी लई पक्की हाय, येवढंच सांगती," एवढं म्हणून त्या लगबगीने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी इंदू पहाटे उठली तर घागर तिवईवर नव्हती. दुर्गाबाई ती पुढ्यात घेऊन चिंचेने घासत बसल्या होत्या.

"आज जाऊ नकोस. कालचं आहे थोडं, पुरेल मला."

ऊन वर आल्यावर कोंडाजी आला. दामोदरला त्या दिवशी सुट्टी होती. तो दाढी अर्धी टाकून परसात आला.

"काय कोंडाजी? बिल तर मी अजून—"

"भरलं, साहेब. जमा झालं."

"कोणी भरलं?"

कोंडाजी खाली बसून बुचाला पाना लावत होता. "मला जोडाया सांगितलं, मी जोडतोय," तो म्हणाला.

दामोदरने इंदूकडे पाहिलं. इंदूने नाही म्हणून मान हलवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दुर्गाबाई येऊन बसल्या होत्या. नळाकडे त्यांची पाठ होती.

कोंडाजीने पिशवीतून तोच जुना नळ काढला. त्याची मूठ फिरवून वरचा भाग उघडला, आतली झिजलेली चकती नखाने काढून दगडावर टाकली. मग खिशातून पत्र्याची डबी काढली. डबीत तेलात भिजलेल्या तपकिरी चकत्या होत्या. त्यातली एक त्याने बोटांनी चोळून नरम केली आणि नळात बसवली. इंदू हातभर अंतरावर उभी होती. तेलकट चामड्याचा वास तिच्यापर्यंत आला.

"कोंडाजी," दुर्गाबाई न वळता म्हणाल्या, "वायसर कसला बसवलास?"

कोंडाजीने भिंतीकडे तोंड केलं आणि शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसा तो मोठ्याने म्हणाला, "रबराचा, आजी! नवा निघालाय पुन्याला. चामड्याचं आता कामच न्हाई!"

"रबराचा?" दामोदरच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. "अरे वा! आई, ऐकलंस? रबर म्हणजे झाडाचा चीक गं. चीकच तो. झाडाचं तुला चालतं. मग हे पाणी चालायला काय हरकत आहे?"

"चालेल," दुर्गाबाई म्हणाल्या.

दामोदरला आपल्या बोलण्याचा एवढा गुण येईल असं वाटलं नव्हतं. तो दोनदा नळ सोडून आणि बंद करून पाहून, खूश होऊन आरशाकडे गेला. कुंपणापलीकडे कोणीतरी खोकलं.

इंदू कोंडाजीच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली.

"कोंडाजी, तो रबराचा नव्हता."

"व्हय."

"मग खोटं का बोललास? म्हाताऱ्या बाईला फसवून तुला काय मिळालं?"

कोंडाजीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"मला सांगितलं तसं बोललो, वैनी," तो म्हणाला आणि भराभर चालू लागला.

इंदू परत आली. दगडावरची जुनी चकती तशीच पडली होती, काळी, कडेने फाटलेली. पैसे सासूबाईंनीच भरले असतील, पण त्यांना असं फसवणं हे दामोदरचं काम असावं किंवा शालनबाईंचं, असं तिला वाटलं. कोणी का केलं असेना, आपल्या एका खोट्यावर हे आणखी एक चढलं, आणि ते सगळं त्या बाईच्या पोटात जाणार. तिने चकती उचलली आणि मुठीत धरून ती आत गेली.

दुर्गाबाई घागर कोरडी पुसत होत्या. पोच्यापाशी फडकं थांबलं होतं.

"सासूबाई, मला एक सांगायचं आहे. तो वायसर—"

"रबराचा आहे."

"नाही. मी पाहिलं, तो—"

"कोंडाजी काय म्हणाला ते मी ऐकलं. दामूने ऐकलं. कुंपणापलीकडे शालनबाईंनीही ऐकलं असेल, म्हणजे गावानेच ऐकलं." त्यांनी घागर उचलून तिच्यापुढे धरली. "तुलाच तेवढं ऐकू आलं नाही का?"

इंदूने घागर घ्यायला हात पुढे केला. मूठ मिटलेलीच होती. दुर्गाबाईंनी त्या मुठीकडे पाहिलं.

"भरून आण. अर्धीच भर, मी उचलू लागेन."

इंदू परसात आली. चकती तिने न्हाणीच्या मोरीत टाकली. भर उन्हात, आतमध्ये फडकं न सोडता, तिने घागर नळाखाली धरली. धार घागरीच्या तळावर पडून केवढी तरी वाजली. शालनबाई आपल्या अंगणातून पाहत होत्या आणि पाहत नसल्यासारखं करत होत्या.

दुर्गाबाई खरंच उचलू लागायला आल्या. दोघींनी मिळून घागर तिवईवर ठेवली. देवांना स्नान झालं. मग दुर्गाबाईंनी पेल्यात पाणी घेतलं, घोट तोंडात धरून नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या, आणि पेला रिकामा करून पालथा ठेवला.

त्यांनी घागरीतला तांब्या भरून इंदूच्या हाती दिला.

"हा औदुंबराचा. आजपासून तुळशीला घालत जा."

इंदू तांब्या धरून उभी राहिली.

"मार्गशीर्षापासून झाड कुठे राहिलंय तिथे," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पाटाकडे वळून त्यांनी माळ घेतली.

तुळशीपाशी इंदू खाली वाकली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिने तो सावकाश रिता केला. आत मणी सरकण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.